तीन चित्त्यांचे छायाचित्र

भारतातील चित्त्यावर लिहिलेल्या बहुतेक लेखांसोबत एकच छायाचित्र छापलेले असते. आजच्या छत्तीसगडमधील कोरिया संस्थानचे राजे रामानुज प्रताप सिंहदेव बंदूक घेऊन उभे आहेत आणि त्यांच्या पुढ्यात तीन मृत चित्ते मांडलेले आहेत. साल १९४७. तिन्ही नर, बहुधा एकाच वेतातले भाऊ, एकाच रात्री मोटारीतून टिपलेले. पुढल्याच वर्षी मुंबईच्या निसर्ग इतिहास मंडळाच्या नियतकालिकात ही हकिकत प्रसिद्ध झाली, तेव्हा संपादकांनी तिला एक टीप जोडली. ही हकिकत वाचून आम्हांला एवढी किळस आली की ती टोपलीत टाकावी असेच प्रथम वाटले, आणि छापतो आहोत ती गौरव म्हणून नव्हे, तर आरोपपत्र म्हणून, असा त्या टिपेचा आशय होता. १९५२ साली चित्ता भारतातून नामशेष झाल्याचे अधिकृतपणे मान्य करण्यात आले.

संपादकांचा संताप खराच होता, आणि आजही तो वाचताना मन हलते. परंतु या छायाचित्राने आपली एक मोठी सोय करून ठेवली आहे, हे आम्हांला नमूद केले पाहिजे. त्याने आपल्याला गुन्हेगार दिला, त्याचा चेहरा दिला आणि तारीखही दिली. मात्र ज्या प्राण्याच्या तीन नरांना मारताच त्याचा इतिहास संपल्यासारखा वाटतो, तो प्राणी त्या रात्रीच्या आधीच जवळजवळ संपलेला असतो. मग त्याला संपवले कोणी?

त्यासाठी बरेच मागे जावे लागते, आणि मराठीच्या अभ्यासकाला वाटेत एक ओळखीचा ग्रंथ भेटतो. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याचा 'मानसोल्लास'. महाराष्ट्रातील स्त्रिया कांडण करताना ओवी गातात, हा त्यातला उल्लेख वाङ्मयेतिहासाच्या पहिल्या प्रकरणात आपण सर्वांनी पाठ केलेला आहे. १२ व्या शतकाच्या पूर्वार्धातील याच ग्रंथात राजाच्या विनोदांमध्ये चित्त्याकरवी केलेली शिकारही येते, आणि भारतातील या खेळाचा तो सर्वांत जुन्या स्पष्ट पुराव्यांपैकी एक मानला जातो. ओवी आणि चित्ता एकाच पोथीत नांदत होते. ओवीकडे आपले लक्ष गेले, चित्त्याकडे गेले नाही. (अभ्यासक्रमाची ही जुनीच खोड आहे.)

खेळाची रीत पुढे शतकानुशतके फारशी बदलली नाही. डोळ्यांवर टोपी चढवलेला चित्ता बैलगाडीत बसवून काळविटांच्या कळपाजवळ न्यायचा, टोपी काढायची, आणि काही क्षणांत जे घडेल ते पाहायचे. शिकार साधली की लाकडी पळीतून त्याला रक्त चाटवायचे आणि तेवढ्यात सावज काढून घ्यायचे. अकबराच्या दरबारी या खेळाला जे वैभव आले त्याचे वर्णन अबुल फझलने 'आइन-इ-अकबरी'त केले आहे. बादशहाचा आवडता चित्ता समंद मानिक पालखीसारख्या वाहनातून निघे, बरोबर सेवक धावत आणि पुढे नगारा वाजे. अकबराने एका वेळी हजार चित्ते बाळगले होते, अशी नोंद जहांगीराने आपल्या आत्मवृत्तात केली आहे.

जहांगीराच्या याच नोंदीत सगळ्या प्रश्नाची किल्ली आहे, असे आम्हांला वाटते. तो सांगतो की इतके चित्ते एकत्र ठेवूनही ते वीत नसत. बंदिवासातील चित्त्याने पिले घातल्याची एकच घटना त्याने नोंदवली आहे. एक नर गळपट्टा सोडवून मादीपर्यंत पोहोचला आणि तीन पिले झाली. बादशहाला ते नवल वाटले आणि ते नवलच होते. त्यानंतर बंदिवासात चित्ता जन्मल्याची खात्रीची नोंद मिळते ती थेट १९५६ सालची, अमेरिकेतील फिलाडेल्फियाच्या प्राणिसंग्रहालयातली.

याचा अर्थ नीट समजून घेऊ. हत्तीही सहसा रानातूनच धरीत, पण तो माणसाजवळ ५० वर्षे जगे. घोडा तर तबेल्यातच वाढे. चित्ता मात्र अल्पायुषी, आणि दरबारात त्याची पुढची पिढी नाही. शिवाय पिलू धरून उपयोग नसे, कारण शिकारीचे शिक्षण त्याला आईकडूनच मिळते. ते मिळालेला प्रौढ चित्ताच कामाचा. म्हणून ज्या झाडांशी चित्ते नेमाने येत तेथे फास लावीत. जेवढे चित्ते दरबारात मेले तेवढे पुन्हा रानातून आणायचे, दर पिढीला, दर संस्थानात. दरबार व्याज नव्हे, मुद्दल खात होता. आणि खाणाऱ्यांना चित्ता नकोसा नव्हता, हे विसरता कामा नये. त्यांचा त्याच्यावर जीव होता.

इंग्रजी अमलात यात आणखी एका गोष्टीची भर पडली. हिंस्र श्वापदे मारणाऱ्यास सरकार बक्षिसे देऊ लागले आणि माणसाच्या वाटेस सहसा न जाणारा चित्ताही काही ठिकाणी त्या यादीत आला. त्यात नावांचा घोळ होताच. संस्कृत 'चित्रक' म्हणजे ठिपक्यांचा. त्यावरून आलेला 'चित्ता' हा शब्द लोक बिबट्यालाही लावीत, आणि इंग्रज शिकारी चित्त्याला 'शिकारी बिबट्या' म्हणत. किती चित्ते बिबट्ये म्हणून मारले गेले, याचा हिशेब त्यामुळे लागत नाही. आमची वृत्तपत्रे उसाच्या फडात शिरलेल्या बिबट्याला आजही अधूनमधून चित्ता करून टाकतात, तेव्हा हा घोळ केवळ साहेबाच्या माथी मारता येत नाही.

आणखी एक शब्द याहून घातक ठरला. चित्ता हा दाट जंगलातला प्राणी नव्हे. त्याला हवा मोकळा माळ, खुरटी झुडपे आणि काळविटांचे कळप. वसाहतकाळातील महसुली नजरेला या भूमीवर लाकूड दिसेना आणि सारा येईना. म्हणून ती 'पडीक' ठरली. जी भूमी पडीक, तिच्यावर नांगर चालवणे हे पुण्यकर्म. गुराख्याला तेथे कुरण दिसत होते आणि चित्त्याला घर, पण दप्तरात त्या दोघांच्याही नावाचा रकाना नव्हता. स्वातंत्र्यानंतरही हा शब्द आपण जसाच्या तसा चालवला. १९८५ साली आपण पडीक जमिनींच्या विकासासाठी राष्ट्रीय मंडळही स्थापन केले.

विसाव्या शतकाच्या आरंभी स्थिती अशी होती की खेळ होता, खेळगडी नव्हता. भारतीय चित्ते मिळेनासे झाले, तेव्हा संस्थानिकांनी ते आफ्रिकेतून मागवले. १९१८ ते १९४५ या काळात सुमारे २०० चित्ते असे आले, आणि मागवणाऱ्यांत भावनगरबरोबर आपले कोल्हापूरही होते. कोल्हापूरच्या चित्त्यांच्या शिकारीच्या आठवणी तेथे अजून अभिमानाने सांगितल्या जातात. त्या रम्य आहेतच. परंतु करवीरच्या माळावर टोपी काढून सोडलेला तो चित्ता आफ्रिकेतला होता, कारण इथला उरला नव्हता, हे वाक्य त्या आठवणींत सहसा येत नाही. म्हणजे कोरियाच्या राजाने बंदूक उचलण्याच्या तीस वर्षे आधीच आपण परदेशी चित्त्यावर हौस भागवत होतो.

१७ सप्टेंबर २०२२ रोजी मध्य प्रदेशातील कुनो येथे नामिबियातून आठ चित्ते आणून सोडण्यात आले आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये दक्षिण आफ्रिकेतून १२ आले. काही मेले, काहींना पिले झाली. 'चित्ता परतला' असे मथळे आपण वाचले. परतला म्हणावे तर हा आफ्रिकी वंश. आशियाई चित्ता आता फक्त इराणात, अगदी मोजक्या संख्येने उरला आहे. आणि कुनोची जागा मोकळी झाली ती चित्त्यासाठी नव्हे. गीरच्या सिंहांना दुसरे घर हवे म्हणून गेल्या शतकाच्या अखेरीस तेथील २४ गावे उठवण्यात आली. त्यांतले बहुसंख्य लोक सहरिया आदिवासी होते. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली आदेश देऊनही सिंह आले नाहीत. गावे मात्र गेली. या घटनेचे एखादे छायाचित्र आमच्या तरी डोळ्यांपुढे येत नाही.

आपल्याकडे अहिल्यानगर जिल्ह्यात, कर्जत तालुक्यातल्या रेहेकुरीच्या अभयारण्यात काळवीट अजून दिसतात. त्याबाहेर पडले की दख्खनचा तोच उघडा माळ लागतो. लांडगा, खोकड आणि ससा यांचा. सातबाऱ्यावर अशा लागवडीस अयोग्य जमिनीची नोंद आजही 'पोटखराबा' या सदरात होते.