दोन राण्या आणि एक कारभार

पुणे-नाशिक रस्त्यावर, मंचर आणि नारायणगांव यांच्या मध्यें आमचें कळंब आहे. तेथून दक्षिणेस निघालें म्हणजे मंचरच्या पुढें भीमेच्या कांठीं खेड लागतें. १२ ऑक्टोबर १७०७ रोजीं या खेडपाशीं शाहू महाराज आणि ताराबाई यांच्या सैन्यांची गांठ पडली. धनाजी जाधव शाहूंस मिळाले आणि ताराबाईंचा पराभव झाला. परंतु ताराबाईंच्या हातचा कारभार गेला तो या रणांगणावर नव्हे. तो सात वर्षांनीं राजवाड्याच्या भिंतींआड गेला.

त्याची आठवण होण्यास एक फ्रेंच चित्रपट कारण झाला. आलँ कॉर्नो यांच्या ‘क्रिम दामूर’ या २०१० सालच्या रहस्यपटांत एका मोठ्या कंपनींतील दोन स्त्रियांची स्पर्धा आहे. वरिष्ठ स्त्री हाताखालच्या स्त्रीची कल्पना स्वतःच्या नांवावर खपविते, चारचौघांत तिचा पाणउतारा करिते, आणि शेवट खुनांत होतो. असें कांहीं पाहिलें कीं आपण सहज म्हणतों, ‘बायकांचा मत्सर, दुसरें काय!’ राजसबाईंविषयींही आपण हेंच म्हणत आलों आहोंत.

वस्तुस्थिति पाहूं. १७०० मध्यें राजाराम महाराज सिंहगडावर निवर्तले. ताराबाईंनीं आपला पुत्र दुसरा शिवाजी यास गादीवर बसवून सात वर्षें औरंगजेबाशीं झुंज चालविली. त्यांच्या कर्तृत्वाविषयीं शंकाच नाहीं. पण राजसबाईही राजाराम महाराजांच्याच राणी, आणि त्यांसही संभाजी नांवाचा पुत्र होता. १७१४ मध्यें त्यांनीं कट करून ताराबाई व शिवाजी यांस कैद केलें आणि संभाजीस कोल्हापूरच्या गादीवर बसविलें. शिवाजी कैदेंतच वारला.

यास सवतीमत्सर म्हणून मोकळें होणें सोपें आहे. मात्र शाहू आणि हाच संभाजी १७३१ च्या वारणेच्या तहापर्यंत भांडत राहिले, त्यास आपण राजकारण म्हणतों! हा न्याय इतिहासाचा नव्हे. स्त्रीस स्वतःच्या नांवानें गादी नव्हती. अल्पवयी पुत्राच्या नांवानेंच काय तो कारभार हातीं येई. पुत्र दोन आणि जागा एक, हें त्या भांडणाचें मूळ होय.

पुढील हकीकत याची साक्ष देते. १७३० पासून ताराबाई साताऱ्यास नजरकैदेंत होत्या. शाहूंस औरस पुत्र उरला नव्हता. संभाजीचा हक्क पुढें येण्याचा संभव होता. तेव्हां ताराबाईंनीं सांगितलें कीं, राजसबाईंच्या भयानें आपण आपला नातू रामराजा लपवून वाढविला आहे. १५ डिसेंबर १७४९ रोजीं शाहू वारले आणि रामराजा छत्रपति झाला. परंतु तो पेशव्यांस सोडून आपलें ऐकत नाहीं असें दिसतांच, १७५० मध्यें ताराबाईंनीं त्यास साताऱ्याच्या किल्ल्यांत कैद केलें. आणि १७५२ मध्यें जेजुरीस तो आपला नातू नव्हे अशी शपथही घेतली.

राजसबाईंनीं जें सवतीशीं केलें, तेंच ताराबाईंनीं ज्यास नातू म्हटलें त्याच्याशीं केलें. येथें सवत कोठें होती? मत्सर हें कारण येथें पुरत नाहीं; कारभार हेंच पुरतें.

आज कचेऱ्यांत आणि महाविद्यालयांत स्त्रिया अधिकाराच्या जागीं बसत आहेत. दोघींत चुरस दिसली, तर त्यांच्या स्वभावास नांवें ठेवण्यापूर्वीं, तेथें जागा किती ठेविल्या आहेत हें आधीं मोजावें.