वंशवृक्ष आणि ट्रीमॅप

श्रेणीबद्ध माहिती चित्ररूपाने मांडण्याच्या इतिहासात भाषाशास्त्राचे स्थान जुने आहे. आउगुस्ट श्लायखर याने १८५३ मध्ये इंडो-युरोपीय भाषांचा वंशवृक्ष प्रसिद्ध केला. कोणती शाखा कोठून फुटली हे अशा वृक्षावरून कळते. तिचा विस्तार केवढा, हे मात्र कळत नाही.

ही उणीव दूर करणारी आकृती भाषाशास्त्राबाहेर जन्मली. मेरीलँड विद्यापीठात १९९० साली चौदा जणांच्या सामायिक वापरातील ८० मेगाबाइटची हार्ड डिस्क भरून गेली. जागा कशाने व्यापली आहे, हे वृक्षाकृतीवरून उमगेना. तेव्हा बेन श्नायडरमन यांनी फांद्याच वगळल्या. एका आयताचे मुख्य विभागांच्या प्रमाणात उभे तुकडे पाडावयाचे, त्या प्रत्येकाचे उपविभागांच्या प्रमाणात आडवे, आणि हाच क्रम पुढे चालवावयाचा. यालाच ट्रीमॅप म्हणतात. येथे क्षेत्रफळ हेच परिमाण होय. या रीतीने पुष्कळदा चिंचोळ्या पट्ट्या निघत व त्यांची तुलना करणे अवघड जाई. म्हणून २००० साली ब्रुल्स, हाउझिंग व वान वाइक यांनी शक्य तितके चौरसाकार तुकडे पाडणारी पद्धती मांडली. तीत तुलना सुकर झाली, परंतु घटकांचा मूळ क्रम राखला जाईलच याची शाश्वती उरली नाही.

तथापि या आकृतीचा खरा धोका तुकड्यांच्या आकारात नसून त्यांभोवतीच्या चौकटीत आहे. २०११ च्या जनगणनेत ‘हिंदी’ या शीर्षाखाली ५२,८३,४७,१९३ भाषक नोंदलेले आहेत. त्यांपैकी ५,०५,७९,४४७ जणांनी आपली मातृभाषा भोजपुरी सांगितली होती. या आकड्यांचा ट्रीमॅप काढला, तर भोजपुरी हिंदीच्या चौकटीत सुमारे दशमांश जागा व्यापील. उलट ग्रिअर्सन यांनी आपल्या भाषिक सर्वेक्षणात भोजपुरीची गणना बिहारीत, म्हणजे आर्यभाषांच्या पूर्वगटात केली. त्या वर्गीकरणानुसार तोच तुकडा, क्षेत्रफळ तेवढेच राहूनही, दुसऱ्याच चौकटीत जाईल.

दोन्ही आकृत्या गणिताच्या दृष्टीने निर्दोषच ठरतील. तुकड्याचे माप संख्या ठरविते, परंतु त्याची चौकट वर्गीकरण करणारा ठरवितो. वंशवृक्षातील फांदी पाहताना ती कोणी व कशाच्या आधारे जोडली, असा प्रश्न अभ्यासकाला सहज सुचतो. श्लायखरच्याच शिष्याने, योहानेस श्मिट याने, १८७२ मध्ये तो उपस्थित केला. ट्रीमॅपची बंदिस्त चौकट हा प्रश्न झाकून टाकते. म्हणून अशी आकृती प्रबंधात योजणाऱ्याने आकड्यांच्या आधाराबरोबरच वर्गीकरणाचा आधारही नमूद करणे अगत्याचे आहे.