उपलब्ध मेमरी (लिनक्स)

चालू प्रोग्रॅमना धक्का न लावता आणि स्वॅपचा आधार न घेता नव्या प्रोग्रॅमला किती रॅम देता येईल, याचा कर्नलने केलेला अंदाज. रिकामी मेमरी आणि उपलब्ध मेमरी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांची गल्लत झाली की धडधाकट सर्व्हरवरही रॅम संपल्याची ओरड होते.

लिनक्स रॅम पडून राहू देत नाही. डिस्कवरून वाचलेल्या फाइलची पाने तो पेज कॅशमध्ये ठेवतो, म्हणजे पुढच्या वेळी डिस्कपर्यंत जावे लागत नाही. प्रोग्रॅमने मेमरी मागितली की यातली न बदललेली पाने तत्काळ सोडता येतात. बदललेली मात्र आधी डिस्कवर लिहावी लागतात. समजा, 'फ्री' या कमांडने एकूण ७.६ जीबीपैकी 'फ्री'च्या रकान्यात ०.३, 'बफ/कॅश'मध्ये ५.२ आणि 'अव्हेलेबल'मध्ये ४.७ जीबी दाखवले. इथे ०.३ पाहून घाबरण्याचे कारण नाही. पाहायचा आकडा ४.७.

पूर्वी रिकामी मेमरी, बफर आणि कॅश यांची सरळ बेरीज करण्याचा प्रघात होता. तो फसवा होता. टीएमपीएफएस या रॅममधल्या फाइलसिस्टिमच्या फाइली आणि सामायिक मेमरी कॅशच्याच आकड्यात धरल्या जातात, पण त्या टाकून देता येत नाहीत. उलट कर्नलच्या स्वतःच्या वापरातल्या मेमरीचा, म्हणजे स्लॅबचा, काही भाग परत मिळण्याजोगा असूनही त्या बेरजेत येत नसे. म्हणून कर्नल विकसक रिक व्हॅन रील यांनी '/प्रॉक/मेमइन्फो'मध्ये 'मेमअव्हेलेबल' ही ओळ आणली, २०१४च्या ३.१४ आवृत्तीपासून ती कर्नलमध्ये आहे. तिच्या हिशेबात रिकाम्या पानांतून कर्नलची राखीव गंगाजळी वजा होते, मग फाइल कॅश आणि सोडवता येणारा स्लॅब मिळवले जातात. पण तेही पूर्ण धरले जात नाहीत, कारण थोडी कॅश शिल्लक नसेल तर यंत्र डिस्कवर सतत हेलपाटे घालू लागते. त्याच वर्षी 'फ्री' कमांड पुरवणाऱ्या प्रॉक्प्स-एनजीच्या ३.३.१० आवृत्तीत 'फ्री'ला 'अव्हेलेबल' हा रकाना मिळाला.

कर्नलची 'ड्रॉप_कॅशेस' ही सोय वापरून कॅश रिकामी करण्याची सवय सोडावी. रिकाम्या मेमरीचा आकडा फुगतो, पण त्याच फाइली पुन्हा डिस्कवरून आणाव्या लागतात. चाचण्यांपुरता 'ड्रॉप_कॅशेस'चा उपयोग आहे.

फ्रीबीएसडीवर असा तयार आकडा मिळत नाही. 'टॉप'मध्ये अ‍ॅक्टिव्ह, इनॅक्ट, लाँड्री, वायर्ड, फ्री असे गट दिसतात, त्यांवरून अदमास बांधावा लागतो.

कंटेनरमध्ये विशेष जपावे. तिथे '/प्रॉक/मेमइन्फो' सहसा संपूर्ण यंत्राची मेमरी दाखवतो. कंटेनरची खरी मर्यादा सीग्रुप या प्रक्रियांच्या गटांवर मर्यादा घालणाऱ्या यंत्रणेच्या दुसऱ्या आवृत्तीत 'मेमरी.मॅक्स' या फाइलमध्ये असते आणि चालू वापर 'मेमरी.करंट'मध्ये. यंत्रावर कितीही मेमरी उपलब्ध असली, तरी ही मर्यादा गाठल्यावर कॅश सोडूनही जागा होत नसेल तर कर्नलचा ओओएम (मेमरी संपली) किलर त्या गटातली प्रक्रिया मारतो.