गवताला ठिगळ

आमच्या कॅलिफोर्नियातल्या घरामागे साधारण चारशे चौरस फूट हिरवळ आहे. बारा महिने हिरवीगार, कारण ती प्लॅस्टिकची आहे. घर घेतलं तेव्हा घराबरोबरच आली. घर दाखवणाऱ्या बाईंनी "याला काही म्हणजे काही करावं लागत नाही" असं तीनदा सांगितलं होतं. त्यानंतर मी त्या हिरवळीचं इतकं काही केलंय की शेवटी तिची कुळकथा वाचायला घेतली. मजेशीर निघाली, म्हणून इथे लिहून ठेवतोय.

कथा सुरू होते कापडापासून. इंग्लंडात ग्लॉस्टरशायरमध्ये लोकरीच्या कापडाच्या गिरण्या होत्या. कापडावरची लव एकसारखी कापायला तिथे फिरत्या पात्यांचं यंत्र असे. त्यावरून एडविन बडिंगला सुचलं की गवतही असंच कापता येईल. १८३० साली त्याने पेटंट घेतलं आणि लॉनमोअर जन्माला आला. म्हणजे हिरवळ गालिच्यासारखी दिसली पाहिजे ही हौस पुरवली ती कापडाच्या यंत्राने!

दुसरा धागा अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातला. तिथल्या डाल्टन गावाजवळ १८९५ च्या सुमारास कॅथरिन एव्हान्स नावाच्या मुलीने कापडात दोऱ्याचे झुबके ओवून एक पलंगपोस केला. बघता बघता तो पंचक्रोशीचा धंदा झाला. मग यंत्रं आली, पलंगपोसांचे गालिचे झाले. आज अमेरिकेतलं बरंचसं कृत्रिम गवत याच भागात, याच पद्धतीने ओवलं जातं. आमची हिरवळ उलटी करून पाहिली तर पाठीवर टाक्यांच्या सरळ रांगा दिसतात. नात्याने ती पलंगपोसाची पणती.

गवत आणि गालिचा एकत्र आले १९६४ मध्ये. शहरातल्या मुलांना खेळायला टिकाऊ जागा हवी म्हणून फोर्ड फाउंडेशनच्या पुढाकारातून प्रयोग चालले होते. त्यातून ऱ्होड आयलंडमधल्या मोझेस ब्राउन शाळेत मोन्सँटो कंपनीचं 'केमग्रास' अंथरलं गेलं. पण गाजलं ते ह्यूस्टनचं ॲस्ट्रोडोम. १९६५ मध्ये उघडलेल्या या बंदिस्त स्टेडियमच्या छतातून इतकं ऊन येई की बेसबॉलच्या खेळाडूंना चेंडू दिसेना. छत रंगवलं, तर खालचं खरं गवत मेलं. उरलेला हंगाम चक्क मातीला हिरवा रंग देऊन काढला. १९६६ मध्ये केमग्रास आलं आणि त्याचं नाव झालं ॲस्ट्रोटर्फ. त्यावर अंतराळवीरांसारखा पोशाख घातलेले कामगार डाव संपला की व्हॅक्यूम क्लीनर फिरवत. काही करावं लागत नाही म्हणे!

आपल्याकडच्या हॉकीवाल्यांना या गवताची ओळख वेगळ्या तऱ्हेने झाली. १९७५ चा विश्वचषक जिंकलेला भारत १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदाच कृत्रिम मैदानावर खेळला आणि सातवा आला. पुढे तर अशा मैदानांवर सामन्याआधी पाणी मारायची पद्धत पडली. पाणी न लागणाऱ्या गवतावर पाणी.

पहिलं गवत नायलॉनचं आणि आखूड, पडलं की गुडघे सोलून निघत. म्हणून पाती लांब केली. लांब पाती उभी राहीनात, म्हणून मधे वाळू भरली. वाळू टणक झाली, म्हणून १९९० च्या दशकात रबराचे दाणे आले. प्रत्येक सुधारणा ही आधीच्या दुखण्यावरची मलमपट्टी.

अंगणांत ते खरं फोफावलं दुष्काळामुळे. एप्रिल २०१५ मध्ये गव्हर्नर जेरी ब्राउन यांनी शहरी पाणीवापर २५ टक्क्यांनी कमी करण्याचा हुकूम काढला. त्याच वर्षी, गावांनी कृत्रिम गवतावर बंदी घालू नये असा कायदाही झाला.

आता आमच्या अंगणाकडे येतो. महिन्यातून एकदा कडक ब्रशने, पाती झुकली असतील त्याच्या उलट दिशेने झाडायचं. पावलांनी बसलेली वाळू मोकळी करायची, कमी झाली तर भर घालायची. भर उन्हात त्यावर अनवाणी जायची सोय नाही. गेल्या उन्हाळ्यात शेजारच्या खिडकीच्या काचेवरून परतलेल्या उन्हाने हातभर जागा वितळली. मग वाळू उपसली, उलट बाजूने टाक्यांच्या दोन रांगांमधून तुकडा कापला. गॅरेजमधल्या जुन्या उरलेल्या तुकड्याचं ठिगळ काढलं, पात्यांचा कल जुळवला, सांध्याखाली पट्टी आणि गोंद लावून रात्रभर वजन ठेवलं. ठिगळ कळतं. ते नवं हिरवं आहे, बाकीचं उन्हाने विटलेलं.

आत्याला फोनवर हे सांगितलं तर ती म्हणाली, "अरे, आम्ही अंगणातलं गवत उपटायचो. तू शिवतोस?"

आत्याचं बोलणं डोक्यातून जाईना. तिच्या गावच्या घरचं अंगण दर आठवड्याला सारवलं जाई. देखभाल त्यालाही होतीच, आमच्यापेक्षा जास्तच. पण शेण-माती मातीतच जिरत होती. खरं गवत तर स्वतःच स्वतःला सांधतं. मुळं शाबूत असतील तर टक्कल भरून येतं. आमच्या हिरवळीची मुळं म्हणजे मी. आणि मी कितीही झाडलं तरी पंधरा-वीस वर्षांत पाती झिजून तुटणार. मग वाळू, गोंद आणि दोन-तीन जातींचं प्लॅस्टिक एकमेकांत अडकलेली ती गुंडाळी वेगळी करणं महाकठीण, म्हणून बहुतेक वेळा ती कचऱ्याच्या डेपोतच जाते. २०२३ मध्ये कॅलिफोर्नियाने कायदा बदलून अशा गवतावर बंदी घालायची मुभा गावांना परत दिली, त्यामागे प्लॅस्टिकचे कण आणि रसायनं यांचीच काळजी होती.

तरी उद्याच उपटून टाकावं असं मला वाटत नाही. चांगलं असलेलं आजच कचऱ्यात घालून काय साधणार? जितकी वर्षं ते ठिगळांवर टिकेल तितकी वर्षं ती गुंडाळी डेपोत जायची लांबते. ते संपलं की मात्र नवीन अंथरायचं नाही, एवढं घरात ठरलंय. इथल्या मातीत कमी पाण्यावर येणारी झुडपं लावायची, मधे थोडी मोकळी जमीन ठेवायची. कोणती झुडपं ते अजून ठरायचंय. कुणाला अनुभव असेल तर जरूर कळवा.