उंदीरमारी : कोकोच्या आईची कुळकथा

उंदीरमारी ऊर्फ गिरिपुष्प हे मूळ मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतले शेंगवर्गीय झाड. शास्त्रीय नाव ग्लिरिसिडिया सेपियम. पहिल्या शब्दाचा अर्थ उंदीर मारणारी, दुसऱ्याचा कुंपणाची. तिकडे साल आणि पाला शिजवलेल्या धान्यात कालवून उंदरांना घालत. पाला आंबला की त्यातल्या कुमारिनपासून रक्त गोठू न देणारे द्रव्य तयार होते. मराठी ‘उंदीरमारी’ या अर्थाला धरून आहे. ‘गिरिपुष्प’ मात्र लॅटिन नावाच्या उच्चारावर बेतलेले दिसते. वळण संस्कृत, कूळ परके.

याहून जुने नाव नहुआत्ल भाषेतले आहे आणि त्याचा अर्थ ‘कोकोची आई’. स्पॅनिशांनीही तेच भाषांतरून घेतले. कोकोला भर ऊन सोसत नाही, म्हणून त्याच्या रांगांमध्ये हे झाड लावत. ते सावली धरी, मुळांवरच्या गाठींतून नत्र बांधी, आणि गळलेल्या पाल्याचे खत होई. म्हणजे झाडाची सारी हयात दुसऱ्या झाडाच्या सोबतीत गेलेली. स्पॅनिश गलबतांतून ते फिलिपिन्सला पोचले. तिथल्या ‘काकावाते’ या नावात कोको अजून ऐकू येतो. श्रीलंकेत ते चहाच्या मळ्यांत सावलीला लागले, दक्षिण भारतात भातखाचरांच्या हिरवळीच्या खताला.

मराठवाड्यात त्याचे काम बदलले. मुखेड, कंधार, जळकोट हा बालाघाटाच्या रांगांचा भाग. टेकड्यांवर माती वीतभर, खाली मुरूम, आणि उन्हाळाभर मोकाट जनावरे. लावलेले रोप शेळीच्या तोंडातून वाचणे हीच अशा ठिकाणी पहिली परीक्षा असते. उंदीरमारीच्या पाल्याला उग्र वास येतो, सवय नसलेले जनावर त्याला तोंड लावत नाही; छाटले तरी पुन्हा फुटते, फांदी खोचली तरी जगते. जगलेल्या रोपांची टक्केवारी मोजणाऱ्या कागदाला याहून सोयीचे झाड सापडणे अवघड. म्हणून मराठवाड्यातल्या कितीतरी उजाड उतारांवर ते एकट्यानेच, ओळीने लागले.

एकजातीच्या रोपवनाची सोय उघड आहे: एकच बी, एकच खड्डा, एकच हिशेब. पण सगळी मुळे सारख्याच खोलीवर ओलावा शोधतात, सगळी पाने एकाच थरात ऊन अडवतात, आणि एखादी कीड आली तर तिला थांबवणारे मध्ये काही नसते. मिश्र रोपवनात हे थर वाटले जातात. हवाई बेटांवर १९८० च्या दशकात निलगिरीसोबत नत्र बांधणारे अल्बिझिया लावून पाहिले, तेव्हा मिश्र रोपवनाने निव्वळ निलगिरीपेक्षा जास्त वाढ दिली. कोणतीही जोडी जमते असे मात्र नाही. दोन्ही झाडे सारख्याच पाण्यावर टपली असतील तर कोरड्या मुलखात मिश्रणही मार खाते.

दाट उंदीरमारीखाली सावलीने गवत विरळ होते, आणि बालाघाटाच्या माळावर गवत हे गौण पीक नव्हे. पळस, धावडा, हिवर, सीताफळ यांच्यामध्ये ती विरळ लावून छाटत राहिले, तर सावली आवाक्यात राहते आणि नत्र शेजाऱ्यांना मिळते. शेतात तिची जागा धुऱ्यावर. कोरडवाहू शेतीसाठी हैदराबादच्या केंद्रीय कोरडवाहू शेती संशोधन संस्थेनेही ती बांधावरच सुचवली आहे. पावसाळ्यात छाटलेला कोवळा पाला सोयाबीन-तुरीच्या ओळींमध्ये पसरतात. तो लवकर कुजतो, तोवर जमिनीचा ओलावाही धरून ठेवतो.