मेजर गिलच्या जळालेल्या प्रती : अजिंठ्यापायी खर्ची पडलेले एक आयुष्य

१/ लंडनच्या दक्षिणेस सिडनहॅम येथे लोखंड आणि काचेचा एक विशाल प्रासाद होता : क्रिस्टल पॅलेस. डिसेंबर १८६६ मध्ये त्याच्या एका भागाला आग लागली आणि अजिंठ्याच्या चित्रांच्या भव्य प्रती तीत भस्मसात झाल्या. त्या काढण्यात एका लष्करी अधिकाऱ्याच्या आयुष्याची उमेदीची वर्षे गेली होती. मेजर रॉबर्ट गिल याची ही हकीकत.

२/ गिलचा जन्म १८०४ चा, लंडनमधला. १८२३ च्या सुमारास तो ईस्ट इंडिया कंपनीच्या मद्रास सैन्यात दाखल झाला. छायाचित्रण अवतरण्यापूर्वीच्या त्या काळात चित्रकला ही सैनिकाच्या उपयोगाची विद्या होती. मुलूख, तटबंदी, नदीचे उतार हे सारे हातानेच कागदावर उतरवावे लागे. गिलच्या ठायी मात्र ही विद्या कामापुरती नव्हती; तो जातीचा चित्रकार होता.

३/ अजिंठ्याची लेणी परिसरातील लोकांना ठाऊक होतीच. २८ एप्रिल १८१९ रोजी जॉन स्मिथ हा इंग्रज अधिकारी तेथे पोहोचला आणि दहाव्या लेण्यातील स्तंभावर आपले नाव व तारीख कोरून गेला. त्यानंतर पाश्चात्त्य जगात लेण्यांचा बोलबाला झाला आणि त्याबरोबरच हानीही सुरू झाली. ओल, वटवाघळे आणि धूर यांच्या जोडीला चित्रांचे तुकडे खरवडून नेणारे हौशी प्रवासीही आले.

४/ १८४३ मध्ये स्थापत्याचा अभ्यासक जेम्स फर्ग्युसन याने लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीपुढे लेण्यांवरील निबंध वाचला. चित्रे नष्ट होण्यापूर्वी त्यांच्या प्रती काढून घ्याव्यात, असा आग्रह कंपनीकडे धरला गेला. संचालकांनी तो मानला आणि १८४४ मध्ये या कामासाठी गिलची निवड झाली.

५/ हा मुलूख तेव्हा निजामाच्या राज्यात होता. गिलने अजिंठा गावातील बारादरीत मुक्काम केला. लेणी तेथून काही कोसांवर, वाघूर नदीच्या नालाकृती दरीत. आत दिवसाही अंधार; प्रकाश येई तो ठरावीक वेळी आणि ठरावीक कोनातून. अशा उजेडात भिंत न्याहाळायची, मापे घ्यायची आणि भव्य कॅनव्हासवर तैलरंगांत तीच आकृती उभी करायची, असे हे काम.

६/ येथे एक तांत्रिक बाब ध्यानात घ्यावी. अजिंठ्याची चित्रे माती, तूस व गवत यांच्या गिलाव्यावर पातळ पांढरा थर देऊन, तो वाळल्यावर, मुख्यतः खनिज रंगांनी रंगविलेली आहेत. गिलच्या हाती मात्र युरोपीय तैलरंग होते. जेथे रंग उडाला होता तेथे काय दाखवावे? पुसट रेषा किती ठळक करावी? असे निर्णय चित्रकाराला पदोपदी घ्यावे लागत. म्हणून प्रत हीदेखील एक प्रकारची टीकाच असते.

७/ गिलचे नाव निघाले की पारोचे नाव निघतेच. ना. धों. महानोर यांच्या ‘अजिंठा’ या दीर्घकाव्याने आणि २०१२ मधील त्याच नावाच्या चित्रपटाने ती मराठी मनात घर करून बसली. काव्य आणि पुरावा यांतील अंतर मात्र इतिहासाच्या विद्यार्थ्याने राखले पाहिजे. पारोविषयीचा सर्वांत भक्कम पुरावा म्हणजे अजिंठा गावातील तिची समाधी. प्रिय पारोच्या स्मरणार्थ हा दगड उभारल्याचे आणि तिचा मृत्यू २३ मे १८५६ रोजी झाल्याचे त्यावरील इंग्रजी लेख सांगतो. कंपनीच्या दप्तरात जिला जागा नव्हती, तिची नोंद एका दगडाने ठेवली.

८/ पुढे गिलने कॅमेरा हाती घेतला. त्याची छायाचित्रे फर्ग्युसनच्या लेखनासह १८६४ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. भारतीय लेण्यांच्या छायाचित्रग्रंथांत ती फार आरंभीची. पण त्या काळच्या कॅमेऱ्याला रंग टिपता येत नव्हते आणि लेण्यातला अंधारही भेदता येत नव्हता. स्तंभ, चैत्यगवाक्षे, शिल्पे कॅमेऱ्याने टिपली. भित्तिचित्रांसाठी कुंचल्याला पर्याय नव्हता.

९/ सुमारे ३० कॅनव्हास एकामागोमाग एक लंडनला रवाना झाले आणि क्रिस्टल पॅलेसच्या भारतीय दालनात लागले. १८६६ च्या आगीतून वाचल्या त्या मोजक्याच प्रती. आज त्या लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. जळालेल्यांची दुसरी प्रत कोणी करून ठेवली नव्हती. एका ग्रंथात छापलेल्या काही छोट्या आकृत्या तेवढ्या मागे उरल्या.

१०/ साठी ओलांडलेला गिल पुन्हा अजिंठ्याच्या कामाला लागला. ते काम अपुरेच राहिले. १८७९ मध्ये तो निवर्तला. त्याची कबर भुसावळ येथे आहे.

११/ दुर्दैव एवढ्यावर थांबले नाही. १८७२ पासून मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचा जॉन ग्रिफिथ्स आणि पेस्तनजी बोमनजी यांच्यासारखे त्याचे विद्यार्थी यांनी नव्याने प्रती काढल्या. त्यांतील कित्येक १८८५ च्या लंडनमधील आगीत गेल्या. जपानी चित्रकारांनी नेलेल्या प्रती १९२३ च्या टोकियो भूकंपानंतरच्या आगीत नष्ट झाल्या. इकडे, चित्रे उठून दिसावीत म्हणून मूळ भिंतींवर वॉर्निश चढविले गेले. ते पुढे पिवळे पडले आणि १९२० च्या दशकात इटालियन तज्ज्ञांना ते काढण्याचे परिश्रम घ्यावे लागले. जतनाच्या खटाटोपाने मूळ वस्तूलाच इजा केली होती.

१२/ मग गिलचे श्रम वाया गेले काय? नाही. भिंतींवरून चित्रांचे जे अंश नंतर गळून पडले, ते पूर्वी कसे होते हे सांगणारे साक्षीदार म्हणजे उरलेल्या प्रती आणि छायाचित्रे. ग्रिफिथ्सच्या कामातले बरेच काही आपल्यापर्यंत पोहोचले, कारण १८९६-९७ मध्ये त्याचे दोन खंड छापले गेले. जे अनेक ठिकाणी ठेवले गेले ते तगले. जे एकाच छताखाली राहिले ते एका रात्रीत गेले.

१३/ वसई-विरारकरांना यासाठी अजिंठ्यापर्यंत जाण्याचेही कारण नाही. गिलच्या मृत्यूनंतर तीनच वर्षांनी, १८८२ मध्ये, पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी सोपाऱ्याचा स्तूप उकरला आणि सापडलेल्या वस्तूंची तपशीलवार नोंद प्रसिद्ध केली. अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही त्याच वर्षी सोपाऱ्यात मिळाला. स्तूप सोपाऱ्यात, त्यातील करंडक मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे, शिलालेख मुंबईच्याच वस्तुसंग्रहालयात. या विखुरलेल्या वस्तूंना आज एकत्र बांधून ठेवते ती छापील नोंदच.

१४/ वसईच्या किल्ल्यातील पोर्तुगीज थडग्यांवरची अक्षरे दर पावसाळ्यात थोडी थोडी झिजत आहेत. पुढच्या भेटीत त्यांचे छायाचित्र घ्याल, तेव्हा शेजारी मोजपट्टी ठेवा. जागा आणि तारीख लिहा. लेखाला हात लावू नका, त्यात खडूही भरू नका. आणि ती नोंद एकट्या आपल्या फोनमध्ये न ठेवता किमान दोन ठिकाणी ठेवा.