यादीत नाव नसलेल्यांचा इतिहास

पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी मार्गदर्शकांना मोठ्या उत्साहात सांगितलं, की मला भारतातल्या मताधिकाराचा इतिहास करायचा आहे. संविधान सभेतल्या चर्चा, कलम 326, नेत्यांची भाषणं अशी सगळी जुळवाजुळव करून गेले होते. सरांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "हे सगळं ठीक आहे. पण यादी कोणी केली?"

मला प्रश्नच कळला नाही. मतदारयादी म्हणजे नावांचं बाड. त्यात वाचायचं काय? आज हा लेख त्या प्रश्नाबद्दल आहे, कारण संशोधनाच्या तयारीत असलेल्या बऱ्याच जणांची गाडी माझ्यासारखीच इथे अडते.

आधी आकडे बघू. 1935 च्या कायद्याखाली 1937 मध्ये प्रांतिक निवडणुका झाल्या तेव्हा मतदार होते तीन कोटींच्या आसपास. मालमत्ता, कर, शिक्षण अशा अटी होत्या. सरसकट सर्व प्रौढांना मत देणं प्रशासनाला झेपणार नाही, असं 1932 च्या लोथियन समितीचं म्हणणं होतं. आणि 1951-52 च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत मतदार किती? 17 कोटी 32 लाख. 1951 च्या जनगणनेनुसार साक्षरता होती साधारण 18 टक्के. म्हणजे यादीतल्या बहुतेकांना आपलं नाव बरोबर लिहिलंय की नाही, हे वाचून बघता येत नव्हतं.

आता गंमत बघा. ही यादी करायचं काम संविधान लागू झाल्यावर सुरू झालेलं नाही. संविधान सभेच्या सचिवालयाने मार्च 1948 मध्येच प्रांतांना आणि संस्थानांना सूचना पाठवल्या होत्या. संविधानाचा मसुदा नुकताच प्रसिद्ध झाला होता, नागरिक कोण हे कायद्याने ठरायचं होतं, निवडणूक आयोग तर अस्तित्वातच नव्हता. तरी कारकून, तलाठी, शिक्षक घरोघरी जाणार होते. अट साधी होती: वय 21 पूर्ण आणि त्या ठिकाणी वर्षात किमान 180 दिवस वास्तव्य.

साधी अट, पण फाळणी नुकतीच झालेली. निर्वासितांनी 180 दिवस कुठून आणायचे? आसाममध्ये स्थानिक प्रशासन पूर्व बंगालमधून आलेल्यांना फिरती लोकसंख्या समजून त्यांची नोंद करायला नाखूष होतं. तिथल्या नागरिकांच्या संघटनांनी थेट दिल्लीला, संविधान सभेच्या सचिवालयाला पत्रं लिहायला सुरुवात केली. मसुद्यातल्या तरतुदींचे दाखले देऊन त्यांनी विचारलं, आम्ही इथे कायमचे राहायला आलो आहोत, मग आम्हाला का वगळता? संविधान अजून मंजूर व्हायचं होतं आणि ही माणसं त्याच्या मसुद्याच्या आधारे हक्क मागत होती!

सचिवालयाने ही पत्रं फायलीत गाडून टाकली नाहीत. उत्तरं दिली, प्रांताकडे खुलासा मागितला, आणि 1948 च्या मध्याला ठरवलं, की निर्वासिताने आपण इथेच कायम राहणार असल्याचं निवेदन दिलं तर वास्तव्य कितीही दिवसांचं असो, त्याचं नाव यादीत घ्यायचं. हा सगळा पत्रव्यवहार इतिहासकार ओर्नित शनी यांनी निवडणूक आयोगाच्या अभिलेख कक्षातल्या फायलींतून बाहेर काढला. ‘हाऊ इंडिया बिकेम डेमोक्रॅटिक’ हे त्यांचं पुस्तक वाचलं आणि सरांचा प्रश्न मला तेव्हा कुठे उमगला.

इथवर गोष्ट सुखाची आहे. आता दुसरी बाजू.

यादी करताना घरोघरी आणखी एक अडचण आली. अनेक बायका परक्या माणसाला स्वतःचं नाव सांगेनात. मग नोंद झाली ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची आई’. 21 मार्च 1950 ला सुकुमार सेन पहिले मुख्य निवडणूक आयुक्त झाले. आयोगाची भूमिका ठाम होती: नाव हा मतदाराच्या ओळखीचा गाभा आहे, नाव नसेल तर नोंद राहणार नाही. नावं दुरुस्त करून घ्यायला बिहारला एक महिन्याची खास मुदतवाढ मिळाली, तिचा चांगला उपयोग झाला. राजस्थानलाही मिळाली, पण तिथे प्रतिसाद फार कमी होता. शेवटी देशभरातल्या सुमारे 8 कोटी स्त्री मतदारांपैकी जवळजवळ 28 लाख जणींच्या नोंदी काढून टाकल्या गेल्या. जवळपास सगळ्या बिहार, उत्तर प्रदेश, मध्य भारत, राजस्थान आणि विंध्य प्रदेशातल्या.

हा आकडा वाचला आणि मला आजी आठवली. तिला दोन नावं होती, माहेरचं एक आणि लग्नात सासरी ठेवलेलं दुसरं. गावात मात्र दोन्हीपैकी एकाही नावाने तिला कोणी हाक मारली नाही. ती कायम माझ्या थोरल्या काकांची आई होती. आपल्याकडचा प्रदेश त्या पाच राज्यांत नाही, हे खरं. पण ‘बाई, तुमचं नाव काय?’ हा प्रश्न आजीला सोपा गेला असता का, याची मला खात्री नाही.

सेन यांचं चुकलं का? घाईने निकाल देऊ नका. नाव नसलेल्या नोंदीवर कोणीही येऊन मत देऊन गेलं असतं. शिवाय बाईची नोंद नवऱ्याच्या नावाने न करता तिच्या स्वतःच्या नावाने करायची, हा आग्रह तत्त्व म्हणून पुरोगामीच होता. त्या तत्त्वाची किंमत मात्र त्या निवडणुकीपुरती त्या 28 लाख जणींनी मोजली. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत, आणि दोन्ही लिहायला लागतात.

माझा खरा प्रश्न इथून पुढे सुरू होतो. दोन्हीकडे नियमात न बसणारी माणसं होती. निर्वासितांसाठी नियम वाकला, बायकांसाठी मुदत वाढली पण नियम जागेवर राहिला. असं का? एक कारण मला दिसतं (हे माझं अनुमान आहे, अनुमान म्हणूनच वाचा). निर्वासितांकडे संघटना होत्या, लिहिणारे हात होते, कोणाला पत्र धाडायचं याची माहिती होती. जी बाई दारातल्या माणसाला नाव सांगत नव्हती, ती दिल्लीला पत्र कुठून लिहिणार? म्हणून निर्वासितांचं म्हणणं आपल्याला त्यांच्या शब्दांत सापडतं, आणि या बायका अहवालात फक्त एक आकडा होऊन उरतात.

तेव्हा विषय निवडताना एवढं करून बघा. कायद्याचं कलम वाचलंत, की ते अमलात आणणारा अर्ज, रकाना आणि परिपत्रक शोधा. हक्क मिळतो किंवा हुकतो तो बऱ्याचदा रकान्यात. मग त्या रकान्यात न बसलेलं कोण होतं आणि त्यांच्यापैकी पत्र कोणी लिहिलं, ते पाहा. पत्र लिहिणाऱ्यांचा इतिहास लिहिणं तुलनेने सोपं असतं, कारण फाईल असते. न लिहिणाऱ्यांसाठी दुसरी साधनं धुंडाळावी लागतात: मोजणीच्या सूचना, मुदतवाढीचे आदेश, दोन निवडणुकांच्या याद्यांमधला फरक, घरातल्या म्हाताऱ्यांच्या आठवणी.

मी आजीला हे कधी विचारलं नाही. ती गेली तेव्हा मी बारावीत होते आणि इतिहास म्हणजे सनावळ्या असं समजत होते. तुमच्या घरात त्या पिढीतलं कोणी असेल, तर या सुट्टीत विचारून घ्या: पहिल्यांदा मत दिलं तेव्हा यादीत नाव काय होतं?